सातवी चकती

अप्पांनी सगळ्यांना रविवारी सकाळी दहाला कारखान्याच्या वरच्या खोलीत बोलावलं होतं. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ओळखलं मात्र सगळ्यांनी होतं.

अप्पांची थोरली लेक, ताई, साडेनऊलाच पोचली. वर न जाता आधी भट्टीच्या खोलीत गेली. माणसाच्या उंचीची ती उभी भट्टी, आणि तिच्या पोटात क्वार्ट्झच्या बंद नळीत कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियमचा रस. गेले सोळा दिवस तो गोठत होता, तासाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही अशा चालीनं. अजून आठ-नऊ दिवस लागणार होते. या काळात खोलीचं दार आपटायचं नाही, शेजारून हातगाडी ढकलायची नाही, हा तिचा नियम. भाऊच्या लग्नाची तारीखसुद्धा भट्टीचं वेळापत्रक बघून काढली होती. तेव्हा सगळे हसले होते. ताई हसली नव्हती.

तिनं तापमान पाहिलं, वहीत मांडलं आणि जिन्याकडे निघाली. वरून हसण्याचा आवाज आला. धाकटीचा. अप्पांचाही.

धाकटी म्हणजे भाऊची बायको. सहा वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा घरात ताई नावाची थोरली आधीपासून होतीच, म्हणून ती आपसूक धाकटी झाली. तिच्या बोटांत इलेक्ट्रॉनिक्स होतं. माहेरी म्हणे तिनं लहानपणी इस्त्री उघडून पुन्हा जोडली होती आणि ती इस्त्री अजून चालते.

ताईच्या पोटात जे दुखत होतं त्याची सुरुवात लग्नातून झाली नव्हती. भावजय म्हणून तिनं धाकटीला मनापासून घरात घेतलं होतं. दुखणं सुरू झालं ते एका वाक्यानं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्यात किरणोत्सर्ग मोजणारी हातातली यंत्रं बनत, आणि यंत्राचा जीव म्हणजे भट्टीत गोठणारा स्फटिक. गामा किरण त्यात शिरला की विजेचा बारीकसा ठिपका सुटतो, आणि त्या ठिपक्याच्या आकारावरून किरण कुठल्या पदार्थाचा ते कळतं. स्फटिकात जरा कुठे दोष असला की तो ठिपका वाटेतच गळतो. म्हणून निर्दोष स्फटिक हवा, आणि निर्दोष स्फटिकासाठी ताईनं वयाची बावीस वर्षं त्या भट्टीपुढे घातली होती. पहिली पाच वर्षं तर नुसते तुकडेच निघाले. एकदा नळी फुटली. मनगटावर त्याचा वण अजून आहे.

आणि धाकटीनं काय केलं, तर किरण स्फटिकात किती खोलवर पडला ते ओळखून तेवढी गळती हिशोबात भरून काढणारी एक दुरुस्ती शोधली. यंत्र टेबलावर ठेवून ती आनंदानं म्हणाली होती, "बघा ताई, आता मध्यम स्फटिक असला तरी चालतो."

बिचारी खुशखबर द्यायला आली होती. ताईला मात्र कुणी भर मांडवात पानावरून उठवावं तसं झालं.

गेल्या मंगळवारी त्यावर मीठ पडलं. धाकटीनं यंत्राचा नवा पडदा दाखवला, अप्पा चष्मा वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, "वा, बाळा." बावीस वर्षांत ताईच्या वाट्याला "वा" आला नव्हता, बाळा तर दूरच. तिला मिळायचे ते प्रश्न. नळीला काजळीचा लेप किती जाड दिलास, थंड करताना दीड अंशाचीच घट का धरलीस, कडेचे दाणे किती मोठे आले. परीक्षा घेतल्यासारखे.

ती वर गेली. खोलीत लांबट टेबल, सहा खुर्च्या, चहाचा थर्मास. अप्पा खिडकीपाशी बसले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ताठ, फक्त हात थरथरायचा. शेजारी काका, अप्पांचे धाकटे भाऊ, ज्यांनी कारखान्यात खरेदी-विक्रीशिवाय कशाला कधी हात लावला नव्हता आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर दिलं होतं. समोर भाऊ आणि धाकटी. भाऊनं ताईसाठी खुर्ची ओढली.

"सगळे आले," अप्पा म्हणाले. "तर ऐका. आठ दिवसांनी बंदरावर माल तपासणारी माणसं यंत्र बघायला येणार. त्यांच्यापुढे मी उभा राहणार नाही. माझा हात बघून त्यांना वाटेल यंत्रच थरथरतंय. तेव्हा यापुढे तांत्रिक बाजूला मुख्य कोण, ते आज ठरवायचं."

"त्यात ठरवायचं काय?" काका म्हणाले. "थोरली आहे. आपण दोघं दारोदार एक्स-रेच्या फिल्म विकत होतो तेव्हापासून ती भट्टीपुढे आहे. घरची लेक आहे."

घरची लेक हे शब्द काकांनी धाकटीकडे न बघता उच्चारले, पण जिथं लागायचे तिथं बरोबर लागले. धाकटीनं कप खाली ठेवला. काका आपल्या बाजूचे आहेत याचं ताईला बरं वाटलं, आणि काका ज्याच्या बाजूला असतात त्यानं सावध राहावं हेही आठवलं.

"थोरली की धाकटी हा प्रश्न नाही, काका," भाऊ म्हणाला. "बंदरवाल्यांनी गेल्या वेळी यंत्र परत का पाठवलं ते आधी बघू."

सगळ्यांना ते माहीत होतं. प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थाचं आलेखावर आपलं ठरलेलं शिखर असतं, ठरलेल्या आकड्यावर. रेडियमच्या वंशातलं एक शिखर सहाशे नऊवर येतं, सीझियमचं सहाशे बासष्टवर. रेडियम मातीत असतं, खडकात असतं, जुन्या नळांच्या आत साचलेल्या थरात असतं. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. सीझियम मात्र माणसानं बनवलेलं, कारखान्यांतल्या मोजणीच्या उपकरणांमध्ये कोंडून ठेवलेलं, आणि ते मोकळं सापडलं की धावपळ करावी लागते. बंदरवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ही दोन शिखरं शेजारी असली तरी वेगळी दिसली पाहिजेत. यांच्या यंत्रात ती एकमेकांत मिसळून एकच टेकडी दिसत होती.

"माझी दुरुस्ती जेवढं करू शकते तेवढं झालं," धाकटी म्हणाली. "आता स्फटिक चांगला हवा. मागच्या बॅचमधली तिसरी चकती सगळ्यात बरी, तीच लावली आहे. तिच्यातून याहून जास्त निघणार नाही."

"म्हणजे दोष स्फटिकाचा," काका म्हणाले आणि खुर्चीत थोडे वळले. एवढ्यात बाजू बदलली होती.

"दोष असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?" ताईचा आवाज तिच्या मनात होता त्याहून चढा निघाला. "मध्यम स्फटिक चालतो असं तूच सांगितलंस ना? मग चालव की."

"चालतो, ताई. प्रत्येक कामाला नाही चालत."

"हे तेव्हा सांगायचं होतं. अप्पांपुढे यंत्र ठेवून टाळ्या घेतल्यास तेव्हा."

"ताई," भाऊ म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस."

अप्पा ताईकडे पाहत होते, आणि ती नजर तिला सोसवेना, कारण ज्या गोष्टीवरून हे सगळं चाललं होतं ती गोष्ट तिच्या खालच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये होती.

मागच्या बॅचचा स्फटिक कापल्यावर दहा चकत्या निघाल्या. सातवी हाती आली तेव्हा ताईनं ती इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि नेहमी जिथं टेल्युरियमचे काळे ठिपके खसखस सांडल्यासारखे दिसतात तिथं काहीच नव्हतं. काच धुऊन पुन्हा पाहिलं. काहीच नाही. अशी चकती आयुष्यात एकदा. ती तशीच उठून वर धावली असती, चार वर्षांपूर्वी. पण ही दिली की धाकटी ती यंत्रात घालणार, पडद्यावर सुरेख आलेख येणार, आणि वा कुणाला मिळणार ते उघड होतं. ताईनं रजिस्टर उघडलं आणि सातव्या ओळीत लिहिलं, "तडा गेला."

बावीस वर्षांतलं पहिलं खोटं. मग एका सुट्टीच्या दिवशी एकटीनंच चकतीला सोन्याचा लेप दिला, पिनांच्या चौकटीत बसवली, जुन्या बाकावर जोडून तपासणीचा बारीक किरणोत्सर्गी स्रोत पुढे धरला. शिखर आलं ते दाभणासारखं टोकदार. ती अर्धा तास त्याच्याकडे बघत बसली होती. शेजारी दाखवायला कुणी नव्हतं, आणि हे सुख असं एकट्यानं खाता येत नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी तिनं चौकट डबीत घातली आणि ड्रॉवर बंद केला.

आता चकती आहे म्हणावं तर खोटेपणा उघडा, नाही म्हणावं तर बावीस वर्षांच्या कामावर मध्यम असा शिक्का. आपणच खणलेला खड्डा, आणि उतरायला आपणच.

तेवढ्यात भाऊचा फोन वाजला. ओतशाळेचा मॅनेजर होता. भंगार वितळवून लोखंडी सळया ओतणारा तो कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, अर्ध्या तासावर. त्याच्या फाटकावर किरणोत्सर्ग जाणवला की वाजणारा यांचाच भोंगा बसवला होता आणि हातातलं एक जुनं यंत्र सहा महिन्यांसाठी वापरायला दिलं होतं. भाऊनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"भोंगा परत वाजला," मॅनेजर म्हणाला. "नळांचा ट्रक आहे. ते गंजके, आतून थर बसलेले, नेहमीचेच. या महिन्यातली चौथी वेळ. मागच्या तिन्ही वेळी तुम्ही थांबवलंत आणि तिन्ही वेळी थरच निघाला."

"ट्रक बाजूला लावा," धाकटी म्हणाली. "माणसं लांब ठेवा. आणि यंत्रावर काय दिसतंय त्याचा फोटो पाठवा."

"लावलाय बाजूला. पण एक वाजता भट्टी भरायची आहे. मालक म्हणाले, आज पण थर निघाला तर तो भोंगा उखडून परत द्या."

फोटो आला. सगळे त्या पडद्यावर वाकले. एक रुंद टेकडी, सहाशे नऊच्या आसपास, पण उजवा खांदा किंचित फुगलेला.

"जुनं यंत्र आहे, खांदा फुगणारच," भाऊ म्हणाला.

"किंवा खांद्यात सीझियम दडलंय," धाकटी म्हणाली. "यावरून सांगता येणार नाही. जायला हवं."

"भट्टीत सीझियम गेलं तर?" काकांनी विचारलं. खरेदी-विक्रीवाला माणूस.

अप्पांनी उत्तर दिलं. "वितळून धूर होऊन धुराड्याच्या राखेत उतरतं. भट्टी, राख, तिथं काम करणाऱ्यांचे कपडे, फुप्फुसं. तो कारखाना मग वर्षभर धूत बसायचा." मग म्हणाले, "तिघं जा. मी आणि हा इथं थांबतो."

"भट्टीवर एक नजर टाकून येते," ताई म्हणाली आणि खाली गेली. ड्रॉवर उघडून डबी पर्समध्ये टाकली. का टाकली ते त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

गाडीत धाकटी पुढे बसून मांडीवरच्या यंत्राची बॅटरी तपासत होती. मागच्या सीटवरून ताईला तिची मान दिसत होती, घाईत बांधलेला अंबाडा आणि त्यात खोचलेला पेन. भाऊ गाडी चालवता चालवता तिच्याकडे पाहून हलकेच हसला. सहा वर्षांत त्या दोघांमधली ती नजर विझली नव्हती. ताईनं खिडकीतून बाहेर पाहिलं.

ओतशाळेच्या आवारात सगळीकडे लालसर गंजाची धूळ होती. ट्रक कुंपणाला लावलेला. ड्रायव्हर लांब पिंपावर बसून पेपर वाचत होता. पलीकडच्या शेडमध्ये भट्टीवरची माणसं पाळीची वाट बघत उभी होती, जाड हातमोजे कमरेला खोचून. मॅनेजर घड्याळाकडे बघतच सामोरा आला. साडेअकरा झाले होते.

धाकटीनं तीन मीटरवर तिपाई लावली, यंत्र बसवलं. दहा मिनिटं मोजलं. पडद्यावर टेकडी उगवली, जुन्या यंत्रापेक्षा बरी, तरी टेकडीच. खांदा होता, आणि नव्हताही.

"काय?" मॅनेजर म्हणाला.

"अजून दहा मिनिटं द्या."

आणखी दहा मिनिटं गेली. टेकडी उंच झाली, आकार तोच राहिला.

"बाई, तुमचं यंत्रच ठरवू शकत नाही मग आम्ही काय करायचं?" मॅनेजर काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर मालक होता. "नळ डोळ्यांना दिसतायत. थर दिसतोय. तुम्ही फक्त एक शब्द सांगा, थर आहे की नाही."

धाकटीनं पेन अंबाड्यातून काढून पुन्हा खोचला. "थरच असावा," ती हळू म्हणाली. "दहात नऊ वेळा थरच असतो."

ताई तिच्या मागे दोन पावलांवर उभी होती आणि तिच्या मनात त्या क्षणी जे आलं ते तिनं पुढं कधीही कुणाला सांगितलं नाही. चुकू दे, असं आलं. एकदा तोंडावर पडू दे हिला, अप्पांच्या बाळाला. जेमतेम एका श्वासापुरतं आलं, पण आलं. मग शेडमधल्या एका माणसानं हातमोजे चढवायला सुरुवात केली आणि ताईला आपल्याच विचाराची अशी शिसारी आली की तिला पर्सची चेन उघडेना.

"यांना शब्द देऊ नकोस," ती म्हणाली. "थांब. हे लाव."

धाकटीनं डबी घेतली, उघडली. चौकटीच्या कडेला बारीक अक्षरात सात कोरलेलं होतं. तिनं तो आकडा वाचला. ताईकडे पाहिलं. ताईला वाटलं आता विचारेल, भाऊसमोर, या परक्या माणसासमोर. पण ती खाली बसली, यंत्राचं पोट उघडलं, तिसरी काढून सातवी दाबून बसवली.

"हिचा दुरुस्तीचा तक्ता माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "तुम्ही मोजलीय ना? किती दाबावर?"

"अकराशे व्होल्ट. बाराशेच्या वर गेलीस तर गळती वाढते."

"आणि तक्ता?"

"सपाट ठेव. सगळीकडे सारखी आहे. दुरुस्ती फारशी लागणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण ती माणूस होती. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं अकराशे लावले आणि पाच मिनिटं दाब स्थिर होऊ दिला. भाऊ दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते विचारायचं धाडस नव्हतं.

मोजणी सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला टेकडीच्या मध्ये दरी पडायला लागली. सहाव्या मिनिटाला मॅनेजरलाही दिसलं. दोन शिखरं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मध्ये चक्क तळ दिसत होता. उजव्याच्या खाली आकडा होता सहाशे बासष्ट.

"हा थर नाही," धाकटी म्हणाली. "थर आहे आणि त्याच्या आत सीझियम आहे. तुमची भट्टी आज बंद."

मॅनेजरनं आधी शेडकडे पाहिलं, मग कपाळावरचा घाम पुसला, आणि मग तो इतक्या जोरात ओरडला की ड्रायव्हरनं पेपर खाली टाकला. माणसं बाहेर गेली, दोरी लागली, सरकारी कचेरीला फोन झाला. धाकटी आणि ताई ट्रकभोवती लांबून फिरत चारही बाजूंनी मोजत राहिल्या. एक आकडा सांगे, दुसरी लिही. डावीकडे मागच्या बाजूला, नळांच्या मोळीच्या मध्यात, हे दोघींनी एकाच वेळी म्हटलं.

सरकारी माणसं तीनला आली. चिमटे, शिशाची पेटी, सगळी तयारी. चारच्या सुमारास त्यांनी नळांमधून लोखंडी भांड्यासारखी एक वस्तू बाहेर काढली. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या टाकीतली पातळी मोजायचं उपकरण. त्याची झडप गंजून अर्धी उघडी राहिली होती.

तोवर दोघी कुंपणापाशी पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसून होत्या. भाऊ सरकारी माणसांना माहिती देत लांब उभा होता.

"सातवीला तडा गेला होता," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला जास्त लागलं.

"नव्हता गेला."

"माहीत आहे मला. दीड महिना झाला माहीत होऊन."

ताईनं मान वळवली.

"तडा गेलेल्या चकतीचे तुकडे तुम्ही फेकत नाही. चिठ्ठी लावून निळ्या डब्यात ठेवता. मी चाचणीला तुकडे घ्यायला गेले तेव्हा सातवीचे तुकडे नव्हते."

"मग विचारलं का नाहीस?"

धाकटी बराच वेळ नखांतली गंजाची धूळ काढत राहिली. "मला बरं वाटलं म्हणून. चांगली चकती नसली तर जे काही चालेल ते माझ्या दुरुस्तीवर चालेल. मग अप्पांना म्हणावं लागेल की हे हिच्यामुळं झालं."

"त्यांनी म्हटलं की. वा बाळा म्हटलं."

"पाहुण्यांच्या मुलानं कविता म्हटली की म्हणतात तसं," ती म्हणाली. "तुम्ही भट्टीपाशी थांबता तेव्हा घरी जेवताना ते कशाबद्दल बोलतात माहीत आहे तुम्हाला? भट्टीबद्दल. ताईनं या वेळी घट सव्वा अंशावर आणली, का आणली असेल. माझ्याकडे बघून विचारतात, आणि मला सांगता येत नाही. सहा वर्षांत माझ्या कामातला एक प्रश्न विचारला नाही त्यांनी मला. समजून घ्यावंसं वाटलंच नाही."

खोटं वाटावं असं काही नव्हतं त्यात. ताईला एकदम थकल्यासारखं झालं.

"आज दहात नऊ म्हणालीस," ती शेवटी म्हणाली.

"म्हणाले. आणि तुमच्या पर्समध्ये ती होती, वीस मिनिटं."

"होती."

भाऊ हाक मारत आला तेव्हा दोघी उठल्या.

वरच्या खोलीत परत गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊनं फोनवरून सगळं कळवलंच होतं. काका दारातच म्हणाले, "मी म्हटलंच होतं, थोरलीच्या हाताला तोड नाही." ताई त्यांच्या शेजारून गेली, रजिस्टर घेऊन आली आणि अप्पांपुढे उघडून ठेवलं. सातव्या ओळीतलं "तडा गेला" खोडून तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, "तडा नव्हता. मी लपवून ठेवली." खाली सही केली, तारीख घातली.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. "का?"

"हिचा मत्सर वाटला म्हणून." शब्द इतका सरळ होता की काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही," ताई म्हणाली. धाकटीला वाचवायला म्हणाली, की तिला जन्मभर आपल्या उपकाराखाली ठेवायला, हे तिचं तिलाच नीट उलगडलं नाही.

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "दीड महिना. मी पण बोलले नाही, अप्पा. कारणही तेच."

मोठेपणा दाखवायची एक संधी हाती आली होती, तीसुद्धा हिनं काढून घेतली. ताईला तेही झोंबलं, आणि झोंबलं म्हणून स्वतःचंच हसू आलं. ते तिनं पदराआड दाबलं.

अप्पांनी रजिस्टर मिटलं. "मुख्य कुणालाच करत नाही," ते म्हणाले. "रजिस्टर उद्यापासून भाऊकडे. चकती निघाली की तो आधी बघेल, मग ताई. बंदरवाल्यांपुढे दोघी उभ्या राहाल, आणि त्यांनी विचारलं तर आजचा खांदा पण दाखवाल, पहिली वीस मिनिटं झाकायची नाहीत."

रजिस्टर जाणार हे ऐकून ताईनं त्याच्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. बावीस वर्षं तिच्याच अक्षरात होतं ते. पण हट्ट धरायला जागा नव्हती.

"आता आणा ते यंत्र इकडे."

भाऊनं यंत्र टेबलावर ठेवलं, आलेख उघडला. अप्पा वाकले. दोन शिखरांमधल्या त्या दरीवर त्यांनी बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरलं. वा म्हणाले नाहीत.

"ही नळीच्या कुठल्या टोकाची?" त्यांनी विचारलं. "मधली? थंड करताना घट बदलली होतीस का या वेळी? आणि कडेला दाणे वाढले नाहीत, ते कशानं?"

ताई सांगायला लागली. पहिल्यांदाच तिला ऐकू आलं की ही परीक्षा नव्हे, हा म्हातारा असाच बोलतो, ज्याच्याकडून शिकायचं असतं त्याच्याशी. सांगता सांगता तिची नजर टेबलाच्या पलीकडे गेली. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, अप्पांच्या बोटाकडे बघत. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते ताईला ओळखायला क्षणही लागला नाही. ते ती रोज आरशात बघत होती.

अप्पांनी पुढचा प्रश्न विचारला. मधे टेकडी होती तिथं आता एवढा स्वच्छ तळ कसा दिसतो, चकतीमुळंच ना.

ताईला होय म्हणता आलं असतं. बरंचसं खरंही होतं.

"पूर्ण चकतीमुळं नाही," ती म्हणाली, आणि म्हणताना पोटात दुखायचं ते दुखलंच. "किरण किती खोल पडला ते यंत्र ओळखतं, त्याचा त्यात भाग आहे. कसं ओळखतं ते मला माहीत नाही. तिला विचारा."

अप्पांनी चष्मा वर केला आणि धाकटीकडे वळले. तिच्याकडे पाहत थोडा वेळ काय विचारावं तेच शोधत राहिले.

"कसं ओळखतं?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं अंबाड्यातला पेन काढला, खुर्ची ओढली आणि रजिस्टरच्याच मागच्या कोऱ्या पानावर चौकोन काढायला सुरुवात केली. ताई उठून जाणार होती. मग तिनंही खुर्ची जवळ घेतली, आणि तिला कळत नव्हतं ते ऐकत बसली.